आठवी 'ड'

आमच्या शाळेत आठवी 'ड' ही तुकडी सगळ्यांत उशिरा भरते. 'अ' आणि 'ब' शाळा उघडायच्या आधीच ठरलेल्या असतात, कारण ती मुलं पाचवीपासून आमच्याकडेच आहेत. 'क'मध्ये गावातल्याच दुसऱ्या शाळांमधून आलेली मुलं. 'ड' मात्र जुलै उजाडला तरी भरतच असते. सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांमधून, तांड्यांवरून, डोंगरातल्या वस्त्यांवरून मुलं दाखले गोळा करत करत येतात आणि ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने हजेरीपटावर चढतात. हे कुणी ठरवून केलेलं नाही. प्रवेश होतील तशा तुकड्या पडतात, एवढंच. पण 'ड'चा पट हातात घेतला की मला त्यात सगळा तालुका दिसतो. गाव जितकं लांब, रस्ता जितका कच्चा, घरची परिस्थिती जितकी ओढाताणीची, तितकं नाव खाली.

शिक्षकांच्या खोलीत या तुकडीसाठी एक शब्द ठरलेला आहे: कच्ची. वाचन कच्चं, गणित कच्चं, इंग्रजी तर विचारूच नका. मी या तुकडीची वर्गशिक्षिका आहे, मराठी आणि इतिहास शिकवते, आणि या शब्दाशी माझं भांडण जुनं आहे. काही मुलांचं वाचन खरंच मागे असतं, ते मी नाकारत नाही. पण जूनमध्ये जी मुलगी तोंडातून अक्षर काढत नाही ती मार्चमध्येही गप्पच राहिली, तर तिच्या डोक्यात खोट शोधण्याआधी आपण तिला कुठून उचलून कुठे बसवलं हे बघायला हवं. सातवीतून आठवीत जाताना पुस्तक एका इयत्तेने पुढे सरकतं. या मुलांचं मात्र पुस्तक सोडून सगळंच बदलतं.

त्यांच्या जुन्या शाळा मी पाहिल्या आहेत. बीड जिल्ह्यातला धारूरचा घाट, केज आणि वडवणीकडची डोंगरपट्टी, बालाघाटाच्या अंगावरचे तांडे. तीन-चार खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा, भिंतीवर रंगवलेली आगगाडी, एक हापसा, आणि सात वर्गांना मिळून तीन-चार शिक्षक. या शाळांना नावं ठेवणं सोपं आहे आणि ठेवण्यासारखंही पुष्कळ आहे. पण तिथे एक गोष्ट असते जी आमच्या दोन मजली इमारतीत नाही. मूल आलं नाही तर पहिल्या तासाभरात कुणीतरी विचारतं. गुरुजी दुसऱ्या पोराला पिटाळतात, "जा रे, बघून ये, का नाही आला." ते पोर पळत जातं आणि बऱ्याचदा त्याला घेऊनच येतं. गुरुजींना माहीत असतं की कुणाच्या बापाने ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली, कुणाची माय बाळंत झाली, कुणाला डोळ्याने कमी दिसतं. खिचडी शिजवणारी बाई शेजारच्याच घरातली. कोण उपाशी आलंय ते तिला ताट पुढे करायच्या आधी कळतं.

अशाच एका शाळेतून एक मुलगी माझ्या वर्गात आली. तिच्या सातवीच्या वर्गात ती धरून चार मुलं होती. तिच्या गुरुजींची आणि माझी एका प्रशिक्षणात गाठ पडली तेव्हा त्यांनी आपण होऊन तिची चौकशी केली. म्हणाले, केंद्रावर मीटिंगला जावं लागलं की मी पहिली-दुसरी तिच्यावर सोपवून जायचो. ती लहान पोरांना पाढे म्हणून दाखवायची, रडणाऱ्याला हापशावर नेऊन तोंड धुऊन आणायची. पंधरा ऑगस्टला भाषण तिचंच. गावात सरपंचाच्या बायकोचा अर्ज लिहून देणारीही तीच.

आमच्याकडे ती पटावर अठ्ठावन्नावी होती. वर्गात साठच्या वर मुलं. कुणी तिला फळा पुसायलाही सांगितलं नाही, कारण ती कामं 'आपल्या' मुलांना आधीच वाटलेली असतात. पाचवीपासूनची मुलं सरांना नावानिशी माहीत, त्यांची भांडणं, मैत्र्या, बसायच्या जागा सगळं ठरलेलं. बाहेरून आलेल्या मुलाला उरलेली जागा मिळते. तिला शेवटून दुसरा बाक मिळाला, खिडकीच्या कडेचा, जिथे पावसाचं पाणी आत येतं. मुलांच्या गरिबीविषयी बोलताना आपण कपडे, चपला, डबा यांची गणती करतो. एखाद्या मुलीकडे जे होतं, म्हणजे गावात असलेला मान, लोक आपल्यावर काम सोपवतात ही खात्री, ते तिच्याकडून काढून घेतलं गेलं हे कुठल्याच रकान्यात येत नाही. आणि तेरा वर्षांच्या मुलीला हे कुणाला सांगताही येत नाही. ती घरी जाऊन एवढंच म्हणते, "मला न्हाई जायचं त्या शाळंत."

पहिल्या महिन्यात ज्या गोष्टींनी ही मुलं दमतात त्या इतक्या बारीक आहेत की मोठ्यांच्या लक्षातही येत नाहीत. घंटा वाजते आणि शिक्षक बदलतो. सात वर्षं एक-दोन चेहऱ्यांच्या हाताखाली शिकलेलं मूल दिवसाला सात-आठ माणसं बघतं, आणि त्यातलं प्रत्येक माणूस आपल्या पद्धतीने वही मागतं. एकाला समास आखलेला हवा, एकाला दोनशेपानीच हवी, एकाला मागच्या बाजूने गृहपाठ हवा. जुन्या शाळेत दोन वह्यांत सगळं भागत होतं. इथे विषयाला एक वही, विज्ञानाला प्रयोगवही, भूगोलाला नकाशावही, शिवाय कंपासपेटी. वही नसेल तर तासभर उभं राहायचं. एका मुलाची गैरहजेरी मी पटावर जरा लक्ष देऊन पाहिली तर ती नेमकी भूगोलाच्या तासाच्या दिवशीच पडत होती. त्याच्याकडे नकाशावही नव्हती. बाजारात तिची किंमत फार नाही. पण बापाकडे मागायची तर आधी त्याला सांगावं लागतं की मागच्या आठवड्यात ज्या वहीसाठी पैसे दिले होते ती ही नव्हे.

मुलींचं आणखी एक. पहाटे उठून, भाकरी थापून, सहा-साडेसहाला घराबाहेर पडलेली मुलगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. मुलींची स्वच्छतागृहं शाळेच्या मागच्या अंगाला, तिथे जायचं तर मोठ्या मुलांच्या घोळक्यातून जावं लागतं, आणि मधल्या सुट्टीत रांग. उन्हाळ्यात डोकं दुखतं म्हणून झोपणाऱ्या मुलींना मी आधी पाणी देते, गोळी नंतर.

तांड्यावरच्या मुलांच्या घरात गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा. आठवीत त्यांच्यापुढे मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा वहीत आणि चौथी मनात. उत्तर द्यायला त्यांना दोन क्षण जास्त लागतात. ते दोन क्षण थांबायचं की पुढच्या मुलाकडे वळायचं, एवढंच शिक्षकाच्या हातात असतं. साठ मुलांच्या वर्गात आणि पस्तीस मिनिटांच्या तासात बहुतेकजण वळतात. निबंधात एका मुलाने लिहिलं होतं, 'माझी याडी पहाटं तीनला उठून फडात जाती.' याडी म्हणजे आई, फड म्हणजे उसाचं शेत. मी त्या वाक्यात काही खोडलं नाही. ती वही मी दुसऱ्या तुकड्यांतही वाचून दाखवली.

रस्त्याबद्दल लिहायलाच हवं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, हा त्यातला नियम. पण आपल्याकडच्या शाळा त्याच्या कितीतरी आधी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी अशा बांधलेल्या. कायद्याची फळी आठवीनंतर पडते, शाळेची फळी सातवीनंतर किंवा काही गावांत चौथीनंतर. या दोन फळ्यांच्या फटीत डोंगरातलं मूल सापडतं. कायद्याने आठवी हे प्राथमिक शिक्षण आहे. गावात ते मिळत नाही, त्यासाठी तालुक्याला यावं लागतं.

मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे. राज्याच्या 'मानव विकास' कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या खास मुलींसाठी सोडल्या गेल्या, पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. या योजनांनी मराठवाड्यातल्या हजारो मुलींना दहावीपर्यंत आणलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते कुणी कमी लेखू नये. निळी गाडी वेळेवर आली की 'ड' तुकडी भरलेली असते. गाडी पंक्चर झाली, ड्रायव्हर रजेवर गेला, लग्नसराईत गाडी दुसऱ्या मार्गावर वळवली, की अर्धा वर्ग रिकामा. मुलग्यांना मात्र सवलतीचा पास असला तरी एक तृतीयांश भाडं भरावंच लागतं, आणि सायकल नाही. त्यामुळे आमच्याकडे दुधाच्या गाडीत मागे उभं राहून येणारी पोरं आहेत. संध्याकाळच्या गाडीची वेळ ठरलेली असल्याने शेवटच्या तासाला 'ड'मधली लांबची मुलं दप्तर भरून बसतात. जादा तास, स्नेहसंमेलनाचा सराव, विज्ञान प्रदर्शन, कबड्डीचा संघ, हे सगळं शाळा सुटल्यावर असतं. शाळेतली जी मजा मुलाला शाळेशी बांधून ठेवते ती गाडी गेल्यानंतर सुरू होते.

एका बॅचची आठवण माझ्या मनातून जात नाही. मार्च २०२० मध्ये ती मुलं सातवीत होती. जूनमध्ये त्यांनी आमच्या आठवीत प्रवेश घेतला तो कागदावरच. घरात एक मोबाइल, तोही बापाच्या खिशात. डोंगरात रेंज टेकडीवर. पुढच्या वर्षी नववीत ती पहिल्यांदा धडपणे वर्गात येऊ लागली आणि २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिलपर्यंत चालला. गावातली मुलं शाळेत येत होती. डोंगरातली रस्त्यावर उभी राहून जीपला हात करत होती, आणि मुलींना जीपमध्ये बसायची घरून परवानगी नव्हती. त्या बॅचच्या कितीतरी मुलींचं हायस्कूल सुरूच झालं नाही. त्यांनी शाळा सोडली असं नोंदवहीत लिहिलंय. जी शाळा त्यांना मिळालीच नाही ती त्यांनी सोडली कशी?

आणि दसऱ्यानंतर ऊस.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. टोळी भरली की गाडी लागते, संसार ट्रॅक्टरवर चढतो, आणि गाव मार्च-एप्रिलपर्यंत म्हाताऱ्यांच्या ताब्यात. लहान लेकरं आईबापाबरोबर फडात, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत. गावातल्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, तिथे राहणाऱ्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते आणि बरीच मुलं त्यामुळे मागे राहतात. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्डही आहे, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत बसता यावं. प्राथमिकच्या शिक्षकांनी हे सगळं बरंचसं नेटाने चालवलंय. पण मूल हायस्कूलला आलं की या व्यवस्था विरळ होत जातात. हंगामी वसतिगृह त्याच्या जुन्या गावच्या शाळेत, आणि त्याचं नाव आता आमच्या पटावर. तिथले गुरुजी म्हणतात, नाव तुमच्याकडे. आमचे लोक म्हणतात, सोय तुमच्याकडे.

२०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या पाचवीपासून पुढच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली: ४१ तालुके, तालुक्याला मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर जागा. ही योजना मला मनापासून योग्य वाटते, कारण ती नेमकी या वयाला हात घालते. पण एकेका तालुक्यातून हजारोंनी घरं बाहेर पडतात तिथे मुलींसाठी शंभर जागा किती पुरणार?

ज्या मुलीला जागा मिळत नाही ती आजीजवळ राहते. ऐकायला हे बरं वाटतं. प्रत्यक्षात आजीला ती सांभाळते, दोन लहान भावंडांना सांभाळते, शेळी सांभाळते आणि त्यातून सवड मिळाली तर शाळेत येते. अशा घरात वयात आलेली मुलगी एकटी ठेवायची भीती आईबापाला फडात झोपू देत नाही. त्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ती खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या जवळपास ४४ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शेजारच्या परभणीत ४८ टक्के. लोक म्हणतात लग्न केलं म्हणून शिक्षण सुटलं. माझ्या वर्गात मी जे पाहते ते बहुतेकदा उलट्या क्रमाने घडतं. आधी हजेरी तुटते, ऑक्टोबरात आठवडा, नोव्हेंबरात महिना. मग मुलगी 'घरीच असते'. मग स्थळ येतं. एक बाप मला म्हणाला होता, "बाई, शाळंत जात असती तर कुणी इचारायची हिंमत केली नसती. घरी बसली म्हणून लोक इचाराय लागले." म्हणून जून ते दिवाळी हे पाच महिने मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. तेवढ्या दिवसांत जिची शाळेत एक मैत्रीण झाली, एका बाईंशी ओळख झाली, ती आजीजवळ राहूनही येते. जिचं काहीच जुळलं नाही तिला टोळीबरोबर जाणं सोपं वाटतं. निदान आई तरी जवळ असते.

मुलगे फडात गेले की तेरा-चौदाव्या वर्षी मोळ्या वाहू लागतात. हातात पैसा दिसतो. एप्रिलमध्ये ते परत येतात तेव्हा हात बाकावर ठेवायला लाजतात.

आठवीचं वर्ष कसंबसं निभावलं तरी खरी परीक्षा त्याच्या पुढच्या जूनला. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारी खिचडी. सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम तांदूळ. नववीत हे तिन्ही एकाच दिवशी थांबतं. कायद्याचं वय चौदापर्यंत, म्हणून थांबतं. त्याच जूनला पुस्तकांचा संच विकत घ्यावा लागतो, गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे दोन भाग होतात, गाइड घ्या म्हणून सांगितलं जातं, आणि मूल उंच झालेलं असतं म्हणून जुना गणवेश येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला भूक बारा वर्षांच्या मुलापेक्षा कमी लागते असं कुणी म्हणणार नाही, पण आमची व्यवस्था तसंच वागते. मधल्या सुट्टीत आठवीची मुलं रांगेत ताटं घेऊन उभी असतात आणि नववीतली, जी मागच्या वर्षी त्याच रांगेत होती, नळाला तोंड लावून पाणी पितात. काहींच्या दप्तरात भाकरी असते, काहींच्या नसते. आमच्या शाळेतली खिचडी शिजवणारी मावशी उरलेली खिचडी गुपचूप त्यांच्यासाठी बाजूला काढते. नियमात हे बसत नाही. मी तिला कधी अडवलं नाही आणि अडवणारही नाही.

आठवीत एक परीक्षा असते, आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्तीची. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मुलाच्या खात्यावर येतात. नववीच्या त्या जूनला याहून मोठा आधार नाही. पण तिची तयारी, अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं खातं हे सगळं नेमकं आठवीच्या पहिल्या सहामाहीत, म्हणजे मुलाला अजून प्रयोगशाळा कुठल्या मजल्यावर आहे हेही नीट माहीत नसतं तेव्हा. 'अ' तुकडीतले पालक अर्जाची तारीख आम्हाला विचारतात. 'ड'मधल्या पालकांचे फोन फडात लागत नाहीत. म्हणून आता मी जुलैमध्येच तहसीलच्या कागदांचं काम काढते, बाप गावात असेपर्यंत.

दाखल्यांचं तेच. नावात एक वेलांटी इकडची तिकडे, आधारवर जन्मतारीख वेगळी, पोर्टलवर जुन्या शाळेने नाव सोडलेलं नाही, की मूल आठ-आठ दिवस घरी. कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे कलम मी छापून प्रवेशाच्या खिडकीजवळ चिकटवलंय. आमचे लिपिक चांगले आहेत. तेही आता मुलाला आधी वर्गात पाठवतात, कागद मागून मागवतात.

माझे वडील अंबाजोगाईला बोर्डिंगात राहून शिकले. ते सांगायचे की त्यांच्या आधीच्या पिढीला हायस्कूल म्हणजे परगावच. ते साहजिक होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून, शाळा मोजक्या. तशात १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, १९३५ मध्ये अंबाजोगाईला योगेश्वरी नूतन विद्यालय. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या शाळेतून अंबाजोगाईला आले आणि या भागातली मुलं त्यांच्याभोवती राहून शिकली. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढलं तेव्हाही खेड्यातून येणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवण्याचा विचार त्याच्या बरोबरीने होता. या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: लांबून येणाऱ्या मुलासाठी निव्वळ वर्ग उघडून भागत नाही, तिथे त्याचं कुणीतरी असावं लागतं. आज आमच्याकडे वर्ग पुष्कळ आहेत.

गेली काही वर्षं आम्ही दोघी-तिघी शिक्षिका एप्रिलमध्ये आसपासच्या सातवीच्या वर्गांना भेटून येतो. परीक्षा झालेल्या असतात, पोरं मोकळी असतात. हायस्कूल कसं असतं ते सांगतो, वेळापत्रक दाखवतो, कोणत्या विषयाला कोणती वही लागेल त्याची एक यादी देतो, आणि ती यादी आता आमच्या सगळ्या शिक्षकांनी मिळून एकच केली आहे. मुलं काय विचारतात? "सर मारतेत का?" "संडास हाय का?" "आमच्या गावचं कोण हाय तिथं?" या तिसऱ्या प्रश्नासाठी आम्ही त्याच गावची नववीतली एखादी मुलगी बरोबर नेऊ लागलो. तिचं बोलणं मुलं आमच्यापेक्षा जास्त मन लावून ऐकतात.

सातवीच्या गुरुजींकडून दाखल्याबरोबर प्रत्येक मुलामागे एक साधं पान मागायला सुरुवात केली आहे. गुणपत्रिकेत जे येत नाही ते त्यात लिहायचं. एकाने लिहून पाठवलं होतं: 'पुढं बसवा, लांबचं दिसत नाही, चष्मा नाही. आईबाप दसऱ्याला जातात. चुलती गावात असते, नंबर खाली दिला आहे. हिशोब तोंडी फार चांगला करतो, लिहायला सांगितलं की घाबरतो.' त्या मुलाला पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर बसवलं, शाळेच्या आरोग्य तपासणीत त्याचं नाव आधी घातलं, आणि गणिताच्या सरांनी महिनाभर त्याला तोंडीच विचारलं. काही गुरुजी पान पाठवत नाहीत. काहीजण दोन ओळींत उरकतात. पण जे पाठवतात त्यांच्या अक्षरावरून कळतं की मूल दुसऱ्याच्या हाती देताना त्यांना काय वाटतंय.

या जूनपासून आठवीच्या तुकड्या प्रवेशाच्या क्रमाने न पाडता मुलं मिसळून पाडायला मुख्याध्यापकांनी मान्यता दिली आहे. काही पालकांची कुरकुर आहे, 'अ'मधल्या. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. नववीच्या जेवणाचं मात्र अजून जमलेलं नाही. दोन किराणा दुकानदार आणि एक माजी विद्यार्थी, जो आता बाजार समितीत हमाली करतो, धान्याला हातभार लावायला तयार आहेत, शिजवायचा प्रश्न मावशींनी स्वतःच सोडवला, म्हणाल्या, "चूल तर पेटलेलीच असती, दोन किलो जास्ती टाकीन." शाळा समितीची परवानगी आणि महिन्याला लागणाऱ्या तुरीच्या डाळीची सोय, एवढं राहिलंय. शाळा उघडायच्या आत ते व्हायला हवं.